मँचेस्टर सिटीचं स्टेडियम अर्धं रिकामं असतं, मग त्यांना मोठा क्लब कसं म्हणायचं? आणि जुन्या यशामुळे क्लबला चाहते मिळतात का?

प्रश्नासोबत तुम्ही रिकाम्या निळ्या खुर्च्यांचा फोटो जोडलाय आणि 'पैसा आला म्हणून फॅन आले, त्याआधी कुत्रं विचारत नव्हतं' असंही लिहिलंय. पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे, पण या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलो. हे वाक्य आपल्याकडे बहुतेक वेळा मँचेस्टर युनायटेडवाले, म्हणजे त्याच शहरातल्या दुसऱ्या क्लबचे चाहते म्हणतात, आणि त्यातले निम्मे १९९९ साली ईएसपीएन-स्टारवर ट्रेबल (एकाच हंगामात लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग) बघून युनायटेडवाले झालेले असतात. मी सिटीचा नाही. पण चुकीचं ते चुकीचं.

आधी आकडा कसा बनतो ते बघा. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, जाहीर होते ती विकलेल्या तिकिटांची संख्या. सीझन तिकीटवाला घरी बसला तरी तो मोजला जातो. गेटमधून प्रत्यक्ष किती माणसं आत गेली हा आकडा क्लबकडे असतो, सुरक्षिततेसाठी तो लागतोच, पण तुम्ही-आम्ही वाचतो तो हा नव्हे. म्हणजे ५३ हजार जाहीर झाले आणि खुर्च्या रिकाम्या दिसल्या, तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. असं सगळ्या क्लबांत घडतं. सिटीत जास्त दिसतं, हे मान्य. चॅम्पियन्स लीगचे सुरुवातीच्या टप्प्यातले सामने आठवड्याच्या मध्ये रात्री होतात आणि त्यांचं तिकीट वेगळं काढावं लागतं. २०२१ मध्ये लाइपझिगविरुद्ध सिटीने सहा गोल केले तेव्हा ३८ हजारच लोक होते. सिटीचा तेव्हाचा प्रशिक्षक गार्डिओला याने पुढच्या सामन्याला जास्त लोक या म्हटलं, तर चाहत्यांच्याच संघटनेतून त्याला सुनावलं गेलं, की पोरांना घेऊन रात्री परतणाऱ्या माणसाची अडचण त्याला कळत नाही.

आता 'कुत्रं विचारत नव्हतं'बद्दल. हंगाम १९९८-९९. मे १९९८ मध्ये सिटी शेवटच्या दिवशी स्टोकला त्यांच्याच मैदानावर ५-२ ने हरवूनही खाली गेली, थेट तिसऱ्या श्रेणीत, क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा. शहराच्या दुसऱ्या टोकाला फर्ग्युसनचा युनायटेड संघ सगळं जिंकत सुटलेला. यश नाही, टीव्हीवर नाव नाही, प्रतिस्पर्धी यॉर्क, मॅकल्सफील्ड, विकम. अशा वर्षात मेन रोडवरची (सिटीचं तेव्हाचं मैदान) लीग सामन्यांची सरासरी होती २८ हजारांच्या वर. त्याच वर्षी प्रीमियर लीगमध्ये खेळणाऱ्या ब्लॅकबर्न, फॉरेस्ट, विम्बल्डन, कॉव्हेंट्री यांच्यापेक्षा जास्त. साउदॅम्प्टनचं द डेल तर पूर्ण भरलं तरी जेमतेम १५ हजार. मेन रोडची क्षमताच तेव्हा ३२-३३ हजार होती, त्यामुळे यापेक्षा फार वर जायला जागा तरी कुठे होती?

याच हंगामात आकडे कसे फसवतात त्याचा नमुनाही आहे. ८ डिसेंबर १९९८ला मॅन्सफील्डविरुद्ध मेन रोडवर माणसं आली ३,००७. सिटीच्या मेन रोडवरच्या स्पर्धात्मक सामन्यांतला हा नीचांक मानला जातो, आणि सोशल मीडियावर अजून फिरत असतो. तो सामना होता ऑटो विंडस्क्रीन्स शील्डचा. खालच्या दोन श्रेणींसाठीची ही स्पर्धा, तिला कोणीच गांभीर्याने घेत नसे. त्यानंतर सिटी यॉर्कमध्ये हरली, टेबलात बारावी. आणि २८ डिसेंबरला स्टोक आले तेव्हा त्याच मैदानावर ३० हजारांहून जास्त लोक. वीस दिवसांत चाहते दहापट वाढले का? सामना बदलला. स्पर्धेचं नाव न सांगता आकडा फेकणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पुढे सिटी तिसरी आली. वर फुलहम आणि वॉल्सॉल. वॉल्सॉलच्या घरच्या मैदानावर तेव्हा पाच-सहा हजार लोक यायचे, म्हणजे गर्दीने गुण मिळत नाहीत हेही इथेच दिसलं. प्लेऑफमध्ये (वरच्या श्रेणीतल्या उरलेल्या एका जागेसाठीचे बाद सामने) विगनला काढलं आणि ३० मेला जुन्या वेम्बलीत जिलिंगहॅमसमोर उभे राहिले. युनायटेडचं बार्सिलोनातलं ट्रेबल चार दिवसांपूर्वीचं. ८१व्या आणि ८७व्या मिनिटाला जिलिंगहॅमचे गोल, ०-२, सिटीचे लोक बाहेर पडायला लागलेले. नव्वदाव्या मिनिटाला हॉरलॉक, इंज्युरी टाइमच्या पाचव्या मिनिटाला डिकॉव्ह, २-२, शूटआउटमध्ये ३-१. तिसऱ्या श्रेणीच्या या सामन्याला ७६ हजारांच्या वर प्रेक्षक होते. अबू धाबीच्या मालकांचा पैसा सिटीत यायला तेव्हा अजून नऊ वर्षं होती.

मागे जायचं तर आणखी मागे जा. इंग्लंडमध्ये एखाद्या क्लबच्या स्वतःच्या मैदानावरची सर्वाधिक गर्दी म्हणजे ८४,५६९, मेन रोडवर, ३ मार्च १९३४, एफए कपमध्ये स्टोकविरुद्ध. तोवर सिटीने लीग एकदाही जिंकलेली नव्हती. पहिली जिंकली १९३७ला, आणि पुढच्याच वर्षी विभागात सर्वाधिक गोल करून खाली गेली. हा प्रकार फक्त सिटीलाच जमतो. (युनायटेडवाल्यांसाठी: लीग सामन्यातला सर्वाधिक गर्दीचा विक्रम तुमचाच आहे, १९४८ला आर्सेनलविरुद्ध ८३,२६०. पण तोही मेन रोडवरच. ओल्ड ट्रॅफर्डवर बॉम्ब पडल्याने तुम्ही तेव्हा सिटीचे भाडेकरू होतात.)

तर जुन्या यशाचं काय? माझं मत: ट्रॉफीमुळे गर्दी वरखाली होते, पण तिचा पाया ट्रॉफी घालत नाही. पाया घालतं ते शहर, तिथले कारखाने आणि आजूबाजूला दुसरा क्लब किंवा दुसरा खेळ आहे की नाही. सन्डरलँड घ्या. सहा लीग विजेतेपदं, शेवटचं १९३६चं. नंतरच्या मोठ्या ट्रॉफी दोनच, १९३७ आणि १९७३चे एफए कप. जहाजबांधणी १९८८ला संपली, मंकवेअरमथची कोळसा खाण १९९३ला बंद झाली आणि त्याच जागेवर १९९७ला नवं स्टेडियम उभं राहिलं. २०१८ ते २०२२ हा संघ तिसऱ्या श्रेणीत होता. प्रेक्षकांना बंदी असलेला कोविडचा हंगाम सोडला तर सरासरी ३० हजारांच्या वर. २०१८च्या बॉक्सिंग डेला (२६ डिसेंबर) ब्रॅडफर्डविरुद्ध ४६,०३९. विक्रमासाठी क्लबने त्या दिवशी मुद्दाम जोर लावला होता हे खरं, पण मुद्दाम जोर लावूनही ४६ हजार लोक किती क्लबांकडे येतील? १९३६ पाहिलेला माणूस तिथे शोधून सापडणार नाही. तिथे दुसरा क्लब नाही, रग्बी लीगचं वेड नाही, आणि शनिवारी बाप जातो म्हणून पोरगा जातो.

उलट उदाहरण ब्लॅकबर्न. लाखभर वस्तीचं गाव, आणि तासाभराच्या आत बर्नली, प्रेस्टन, बोल्टन, अ‍ॅक्रिंग्टन. १९९०-९१ला सरासरी आठ हजारांच्या आसपास. गावचाच पोलादवाला जॅक वॉकर पैसे घेऊन आला, १९९५ला प्रीमियर लीग जिंकली, सरासरी २५ हजारांवर गेली. २०१७-१८ला तिसऱ्या श्रेणीत खेळले तेव्हा ती १२-१३ हजारांवर उतरलेली. उरलेले चार-पाच हजार हा त्या यशाचा वारसा म्हणा हवं तर. फॉरेस्टचं आणखी विचित्र. १९७९ आणि १९८० ही दोन्ही वर्षं ते युरोपचे विजेते, पण १९७९-८०ची लीगमधली सरासरी ३० हजारांच्या बरीच खाली. आज साधारण तेवढ्याच क्षमतेचं मैदान जवळजवळ दर सामन्याला भरतं.

म्हणून वेगवेगळ्या काळातले आकडे शेजारी ठेवू नका. १९४८-४९ला इंग्लंडच्या लीगमध्ये सगळे मिळून ४ कोटी १२ लाख प्रेक्षक आले होते. १९८५-८६ला १ कोटी ६५ लाख. बेकारी, हाणामाऱ्या, मोडकळीला आलेले स्टँड. त्या काळात लिव्हरपूल, व्हिला, चेल्सी सगळ्यांच्याच गर्दीला ओहोटी होती. हिल्सबरो स्टेडियममधल्या जीवघेण्या चेंगराचेंगरीनंतर चौकशीचा टेलर अहवाल आला आणि १९९४पर्यंत वरच्या क्लबांना उभं राहायची जागा काढून खुर्च्या बसवाव्या लागल्या, त्यामुळे क्षमता घटली. आर्सेनलसुद्धा यातून सुटलेला नाही. ५ मे १९६६ला हायबरीवर (त्यांचं तेव्हाचं मैदान) लीड्सविरुद्ध ४,५५४ माणसं होती, कारण त्याच संध्याकाळी लिव्हरपूलची युरोपियन फायनल टीव्हीवर होती.

स्वतः तपासायचं असेल तर क्लबचा सगळ्यात वाईट हंगाम काढा आणि त्या वर्षीची फक्त लीगची सरासरी घ्या, कप सामने वगळून. ती मैदानाच्या क्षमतेशी ताडून बघा, कारण जिथे क्षमताच १५ हजार तिथे जास्त येणार कुठून? मग वरच्या श्रेणीत परतल्यावर किती वाढ झाली ते बघा. वाढ जितकी कमी तितका पाया पक्का. युनायटेड १९७४-७५ला दुसऱ्या श्रेणीत होती आणि तिची सरासरी अख्ख्या इंग्लंडमध्ये सर्वाधिक होती. तेही खरे चाहते, त्यांनाही कोणी प्लॅस्टिक (नकली चाहते) म्हणू नये. परगावच्या सामन्यांची तिकिटं संपणं ही खूण मात्र जपून वापरा. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्यांना ३,००० जागा मिळतात, लहान मैदान असेल तर क्षमतेच्या १० टक्के, आणि तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा. तीन हजार जागा कोणताही बरा क्लब भरतो.

आपल्याकडेही हेच आहे. महिंद्रा युनायटेडने राष्ट्रीय लीग आणि फेडरेशन कप जिंकले, २०१०ला कंपनीने संघ बंद केला, मुंबईत कोणाला काही वाटलं नाही. गोव्याच्या धेंपोने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा जिंकलं आणि फातोर्ड्याच्या स्टेडियमातल्या बऱ्याच खुर्च्या तरीही मोकळ्याच असत. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी यांच्यापैकी कोणाकडे राष्ट्रीय ट्रॉफी नाही, पण शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा लागला की जागा मिळत नाही. तिथे संघ निवडावा लागत नाही, तो तालमीसोबतच येतो.

एक राहिलं. वर सगळं मी निष्ठेच्या खात्यावर मांडलं, पण तिकिटाचा दर त्यात धरला नाही. ब्रॅडफर्डने सीझन तिकीट १४९ पौंडांना विकलं तेव्हा खालच्या श्रेणीतही त्यांच्याकडे १८ हजारांच्या आसपास गर्दी होऊ लागली. १९९८-९९ची सिटी पाहणं आजच्या सिटीच्या मानाने बरंच स्वस्त होतं. तेव्हा त्या २८ हजारांतले काही दराचे आहेत. किती, ते वेगळं काढता येत नाही.