रिले तडतडतोय? ट्रान्झिस्टर बदलू नका, हिस्टेरेसिस द्या

संध्याकाळी व्होल्टेज १८० च्या आसपास आलं की तुमच्या कट-ऑफ सर्किटचा (व्होल्टेज पडलं की फ्रीज तोडणाऱ्या) रिले तडतडतो आणि फ्रीज गुरगुरून बंद पडतो, असं लिहिलंय तुम्ही. रिले आणि ट्रान्झिस्टर ठीकच असणार. गडबड एकच: तोडायचं आणि परत जोडायचं व्होल्टेज एकच ठेवलंय. या दोन्हींत ठेवायच्या अंतरालाच हिस्टेरेसिस म्हणतात.

१८० ला रिले सुटला की लोड गेल्यामुळे त्याच वायरवर व्होल्टेज थोडं चढतं, एलएम३५८ (दोन व्होल्टेजची तुलना करणारा आयसी) लगेच परत जोडतो, काँप्रेसर ओढायला लागतो, पुन्हा खाली. त्यात कॉइलचा हातभार: ४०० ओहमची १२ व्होल्टची कॉइल ३० मिलिअँपिअर घेते आणि सेन्सिंगही (व्होल्टेज मोजणंही) त्याच डीसीवरून असेल तर ते डीसीही बसतं.

सेन्सिंगला ब्रिजनंतर (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडनंतर) स्वतंत्र १एन४००७ डायोड आणि ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या. मुख्य फिल्टर दुसऱ्या डायोडच्या पलीकडे. सेन्सच्या डिव्हायडरला वर १० के (किलो-ओहम), खाली १० के प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), मधला बिंदू एलएम३५८ च्या प्लस इनपुटला, मायनसला रेफरन्स म्हणून ५.१ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेज धरणारा डायोड). हिस्टेरेसिससाठी आउटपुटवरून प्लसवर १०० के. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला मेन्सवर साधारण १५ व्होल्टचं अंतर मिळतं. तरी तडतडला तर ६८ के. ४७० मुळे काँप्रेसर सुरू होतानाचा व्होल्टेजचा क्षणिक झोल सुमारे सेकंदभर पचतो.

रेफरन्स ७८१२ च्या (१२ व्होल्टच्या रेग्युलेटरच्या) आउटपुटवरून मात्र घेऊ नका. मेन्स पडलं की त्याचं इनपुटही कमी पडतं, रेफरन्स सेन्ससोबत खाली सरकतो आणि सर्किट तोडतच नाही.

परत जोडायला तीन मिनिटं उशीर हवाच, नाहीतर आतल्या गॅसचा दाब समान होण्याआधी काँप्रेसर अडतो. सीडी४०६० ला (स्वतःच्या ऑसिलेटरचा काउंटर आयसी) १०० के आणि ०.१ मायक्रोफॅरड दिलं की पिन ३ सुमारे १८८ सेकंदांनी वर जाते. तिथून पिन ११ ला १एन४१४८ डायोड लावून काउंटर थांबवा. इलेक्ट्रोलिटिक-रेझिस्टरचा डिले माझ्या मते फुकट, उन्हाळ्यात लीकेज वाढून वेळ भरकटते.

सेटिंग डिमरस्टॅटवर (मेन्स व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर), आधी फ्रीजऐवजी १०० वॅटचा बल्ब लावून. डिमरस्टॅट आयसोलेशन देत नाही (मेन्सपासून वेगळं करत नाही), म्हणून मीटरचे प्रोब लावताना पुरवठा बंदच. मेन्सची सवय नसेल तर हे काम माहीतगाराकडे द्या.

वीज कार्यालयात तक्रार केली की "लोड जास्त आहे" एवढंच ऐकवतात. तोंडी सांगून उपयोग नाही. लेखी अर्ज द्या, त्यात तारीख, वेळ आणि मीटरवर दिसलेलं व्होल्टेज लिहा, आवक क्रमांक मागून घ्या.