पंधरा वर्षे होत आलेली वॅगन-आर विकायची आहे. जाहिरातीसाठी मोबाइलवर फोटो कसे काढावेत?

गाडी आधी धुऊन पूर्ण कोरडी होऊ द्यावी, कारण ओल्या रंगावर ओरखडे लपतात आणि जाणत्या ग्राहकाला नेमकी तीच शंका येते. फोटो सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर, सूर्य आपल्या पाठीशी ठेवून काढावेत. भर दुपारी छत पांढरे पडते आणि दारांच्या खालचा भाग काळा दिसतो. सोसायटीच्या पार्किंगमधील ट्यूबलाइटच्या उजेडात तर चंदेरी रंगही हिरवट वाटतो.

मोबाइल आडवा धरून हेडलाइटच्या उंचीवर आणावा आणि चार-पाच पावले मागे जाऊन थोडे झूम करावे, कारण अगदी जवळून घेतलेल्या फोटोत बॉनेट फुगल्यासारखे दिसते. चारही बाजू, आसने, डिकी हे ओघाने आलेच.

माझ्या मते विश्वास बसतो तो बारकाव्यांवर. इंजिन चालू ठेवून मीटरचा फोटो घ्यावा, म्हणजे किलोमीटर वाचता येतात आणि इशाऱ्याचे दिवे विझलेले आहेत हेही दिसते. टायरच्या बाजूवरील उत्पादनाचे चार अंक टिपावेत: २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. बंपरवरचा पोचा आणि दाराच्या खालच्या कडेचा गंज शेजारी दहाचे नाणे धरून दाखवावा. नाहीतर गाडी पाहायला आलेला माणूस त्यावरूनच भाव पाडतो. आरसीच्या फोटोत नोंदणीची मुदत स्पष्ट दिसू द्यावी, मात्र चॅसी व इंजिन क्रमांक झाकावेत.