आधी त्यांच्या हातांना शिकव

प्रिय पोरी,

रात्रीचा तुझा मेसेज सकाळी पुन्हा वाचला. मागचे पाय लुळे पडलेल्या आपल्या चिंगी कुत्रीला घरी न्यायला ठाण्याचं कुटुंब रविवारी येतंय, तिचा चाकांच्या गाडीवर पळतानाचा व्हिडिओ त्यांना फार आवडलाय, आणि तिची लघवी रोज पोट दाबून काढावी लागते हे सगळं आत्ताच सांगितलं तर ते मागे फिरतील अशी तुला धास्ती आहे. पुढच्या महिन्यात तुला बंगळूरला रुजू व्हायचंय. म्हणून विचारतेस, थोडं थोडं सांगितलं तर चालेल का.

नाही चालणार. त्यांनी स्वतःच्या हातांनी, तुझ्या डोळ्यांसमोर, चिंगीचं मूत्राशय रिकामं केल्याशिवाय तिला उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही. हे आधी ठरव, मग बाकीचं बोलू.

राजाबद्दल मी तुला कधी सांगितलं नाही. बारा वर्षांपूर्वी कात्रजजवळ गाडीने उडवलेला तांबूस कुत्रा. छातीचे मणके संपून कमरेचे सुरू होतात तिथे पाठ मोडलेली. मागच्या पायाचं बोट चिमट्यात दाबलं की पाय आखडून घ्यायचा आणि मी हरखून जायचे. डॉक्टरांनी त्याच्या तोंडाकडे बघायला सांगितलं. मान वळत नव्हती, आवाज नव्हता. पाय आखडणं नुसत्या मज्जारज्जूच्या बळावर होतं. कळ मेंदूपर्यंत पोचली तरच कुत्रा वळून बघतो. अपघातात ती खोल वेदनेची जाणीवच गेली, तर पुन्हा नीट चालण्याची आशा फार थोडी उरते. तरी मी सहा आठवडे त्याला पिंजऱ्यात ठेवलं, मग रोज तीन वेळा पायांचे व्यायाम, पोटाखाली टॉवेल धरून उभं करणं, सगळं केलं. गाडीवर बसला तेव्हा सोसायटीतली पोरं त्याच्यामागे धावली.

मग एक चांगलं घर मिळालं. खरंच चांगलं होतं. मी दोन पानी सूचना लिहून दिल्या, तीन व्हिडिओ पाठवले. महिन्याभराने त्यांचा फोन आला, ‘ताई, आता तो स्वतःच करतो, दिवसभर थोडी थोडी होते, दाबावं लागत नाही.’ आणि मी म्हटलं, ‘अरे वा!’

मला कळायला हवं होतं. तुडुंब भरलेल्या मूत्राशयातून ते नुसतं सांडत होतं. आत लघवी साचून राहिली, जंतुसंसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत गेला. मी पोचले तेव्हा पोट ढोलासारखं ताणलेलं होतं. तो तिसऱ्या दिवशी गेला. त्या घरातली आई माझीच माफी मागत होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

म्हणून सांगते, कागदाने हात शिकत नाहीत. तुला आठवतं का, तुझा स्वतःचा पहिला आठवडा? पोटाच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंनी सपाट बोटं ठेवून ते मोसंबीएवढं गोल चाचपडत होतीस, आणि दर वेळी निसटत होतं. जोर लावलास की चिंगी पोट घट्ट करायची. मग एका रात्री ते तुझ्या बोटांत आलं, तू शेपटीच्या दिशेने हलका, एकसारखा दाब दिलास आणि धार लागली. तू रडलीस तेव्हा. ते तुला कोणत्या व्हिडिओने शिकवलं होतं? दिवसातून तीन-चार वेळा, सणाला, पाहुणे असताना, ताप असताना ज्यांना हे करायचंय, त्यांनी ते तुझ्यासमोर चुकत चुकत केलं पाहिजे.

बाकीच्या गोष्टी त्यांना जमतील. कूस बदलणं, जाड गादी, लघवीने भिजलेली कातडी लगेच धुणं, लघवीला वास किंवा गढूळपणा आला की त्याच दिवशी डॉक्टर, गाडी जुंपून तासन्‌तास न ठेवणं. बधिर बोटं ती चावून काढत नाही ना, एवढं मात्र रोज बघायला सांग.

तू म्हणतेस, इतकं ताणलं तर घर हातचं जाईल. जाऊ दे ना! धडधाकट कुत्र्याला नसबंदी करून जिथून उचललं तिथेच सोडायचं असतं, २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही तेच आहे. चिंगीला तो रस्ता परत मिळणार नाही. तिच्यासाठी चुकीचं घर म्हणजे राजासारखं मरण.

राजानंतर काळी आली. मी तिच्यासाठी तीन घरं नाकारली. माझी बहीण म्हणाली, तुला ती द्यायचीच नाहीये, कारणं शोधतेस. नात्यातल्या लग्नाला गेले नाही, पगार तिच्या औषधांत गेला, तेव्हा घरात सगळे हेच म्हणत होते. पण पहिल्या घराला हात लावायची किळस वाटत होती, दुसऱ्यांनी मोलकरणीला शिकवा म्हटलं, तिसरे दुसऱ्यांदा आलेच नाहीत. यात माझा हट्ट कुठे आला? चार वर्षांनी साताऱ्याचे एक निवृत्त मास्तर सहा रविवार एसटीने आले. पाचव्या रविवारी काळी त्यांच्या हाताखाली पोट सैल सोडून पडून राहिली. सहाव्या रविवारी मी तिला दिली. त्यांच्याकडे ती पाच वर्षं जगली.

तुझ्याकडे चार वर्षं नाहीत, हे मला कळतं. म्हणून ठाण्याच्या लोकांना आजच फोन कर आणि रविवारऐवजी शनिवारी मुक्कामाला बोलाव. रात्री झोपताना एकदा आणि सकाळी उठल्या उठल्या एकदा, दोन्ही वेळा त्यांनीच करायचं. तू हात मागे घेऊन उभी राहा. नाही जमलं तर पुढच्या शनिवारी परत.

आणि ते फिरकलेच नाहीत, तर बंगळूरला जाण्याआधी चिंगीला माझ्याकडे आणून सोड. काळीची गादी उन्हात टाकलीये.

तुझी
मावशी