बीएस्सी नर्सिंग करून वॉर्डात काम करतेय, आता नर्सिंग कॉलेजात शिकवायला जाऊ का?

नक्की जा. ट्यूटर म्हणून लागायला बीएस्सी नर्सिंग आणि वर्षभराचा अनुभव चालतो. पण असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर 2 वर्षांचं एमएस्सी नर्सिंग लागतंच, तेव्हा ते लांबणीवर टाकू नका.

हे काम नुसतं फळ्यासमोरचं नाही. खरं शिकवणं वॉर्डात होतं. वर्गात मुलं सलाइनचं गणित चटकन सोडवतात: 500 मिली, 4 तासांत, 1 मिलीत 20 थेंब पाडणारा सेट, म्हणजे मिनिटाला साधारण 42 थेंब. तीच मुलगी पेशंटच्या उशाशी घड्याळ धरून उभी राहिली की मोजणी तिसऱ्यांदा चुकते, कारण शेजारी नातेवाईक बघत असतात. तेव्हा रागावायचं नाही. शेजारी उभं राहून हळू आवाजात तिच्यासोबत मोजायचं. पहिल्या इंजेक्शनच्या वेळी तर हात इतका थरथरतो की मी कोपराखाली आधार देते. पण औषध, डोस आणि पेशंटचं नाव मात्र तिच्याकडूनच मोठ्याने वाचून घेते. तिथे सूट नाही.

त्रासही आहे. लॉगबुक, प्रॅक्टिकलचे मार्क, हजेरी यांत संध्याकाळ जाते. काही खासगी कॉलेजांत पगार मोठ्या हॉस्पिटलपेक्षा कमी असतो, म्हणून होकार देण्याआधी पगार, सुट्ट्या आणि एका शिक्षिकेमागे वॉर्डात किती मुलं असतात हे स्पष्ट विचारा. मुलं फार असतील तर मी तरी नाही म्हणेन, कारण तिथे पेशंटलाही धोका असतो.