जपानीचं पहिलं वर्ष: सध्या एवढंच सांभाळ

पदवीला जपानी घेतलंस, छान केलंस. घाबरू नकोस. वाक्याच्या शेवटी क्रियापद आणि नामाला मागून चिकटणारे प्रत्यय, दोन्ही मराठीत आहेतच. म्हणून अर्थ मराठीतूनच लाव, उगाच इंग्रजीचा वळसा नको.

सुरुवातीला एवढंच:

- हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्या, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं, हाताने लिहून पक्की कर. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे प्रत्येक शब्दावर देवनागरीत उच्चार लिहून ठेवणं. ती सवय लागली की डोळा जपानी अक्षरांकडे जातच नाही, आणि पुढे धडा वाचताना घाम फुटतो.
- कांजी (चिनीतून आलेली शब्दचिन्हं) रोज थोड्या, शब्दांसकट. नित्यवापराच्या अधिकृत यादीत २,१३६ आहेत. ती यादी आत्ता उघडूही नकोस.
- अ‍ॅनिमे खुशाल बघ, पण तिथली भाषा सेन्सेईंपुढे (शिक्षकांपुढे) नको. आधी 'देस-मास'ची सभ्य रूपं.

जेएलपीटीच्या (जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेच्या) नादात समाज-संस्कृतीचे तास बुडवणारे बरेच. त्या परीक्षेत बोलणं तपासतच नाहीत, आणि तुझी पदवी नुसत्या भाषेची नाही. सामुराई आणि साकुरा पुरे झाले. १८६८चं मेइजी सत्तांतर, १९४५ ते १९५२चा दोस्त राष्ट्रांचा ताबा आणि त्यानंतरची आर्थिक भरारी नीट वाच. आजची तिथली कंपनी-संस्कृती त्याशिवाय कळत नाही.

केइगोचं, म्हणजे खास आदरार्थी भाषेचं, नंतर बघू. जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीत पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी जपानी अभ्यासाचा वेगळा प्रकार आहे, त्याची चौकशी मात्र विभागात वेळेत कर.