अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांत हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिशभाषी देशांतून आलेल्या घरांतली) मुलं बरीच असतात, मग मेक्सिको, कोलंबिया, व्हेनेझुएलाहून आलेले शिक्षक इतके थोडे का?

मी मूळची वसईची. सध्या टेक्सासमधल्या एका कॅथलिक शाळेत गणित शिकवते, त्यामुळे हा प्रकार रोज बघते. तुमच्या प्रश्नात एक छोटी दुरुस्ती करते: हे शिक्षक शाळेत असतात, पण फळ्यापुढे क्वचित दिसतात. कोणी बालवर्गात मदतनीस असतं, कोणी ऑफिसात फोन घेतं, कोणी शाळा सुटल्यावर मुलं सांभाळतं. मायदेशी दहावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलेली बाई इथे डबे उघडून देत असते.

आकडे ढोबळच सांगते. अमेरिकेतल्या कॅथलिकांत एक तृतीयांशाहून जास्त लोक हिस्पॅनिक आहेत. कॅथलिक शाळांतल्या मुलांत ते साधारण पाचात एक, आणि शिकवणाऱ्यांत जेमतेम दहात एक. त्या दहातल्या एकाचाही जन्म कित्येकदा अमेरिकेतलाच असतो.

याचं मूळ पैशात आहे. 1884 साली बाल्टिमोरला अमेरिकेतल्या बिशपांच्या धर्मसभेत ठरलं की प्रत्येक धर्मग्रामाची, म्हणजे एका चर्चभोवतीच्या वस्तीची, स्वतःची शाळा हवी. तेव्हा आयरिश, जर्मन, पोलिश लोक येत होते आणि त्यांच्या मागोमाग त्यांच्या सिस्टर्स, म्हणजे व्रतस्थ जोगिणीही. पोलिश मुलांना पोलिश सिस्टर शिकवायची, तिला पगार म्हणजे नावापुरता. 1960 च्या दशकात या शाळांत 52 लाखांच्या आसपास मुलं होती. पुढे सिस्टर्स कमी होत गेल्या, आज शिकवणाऱ्यांत धर्मगुरू, ब्रदर, सिस्टर मिळून 3 टक्केही नाहीत. मुलं राहिली 17 लाखांच्या घरात. म्हणजे लॅटिन अमेरिकेतून लोंढा आला तोवर स्वस्तातली यंत्रणा संपली होती. आता फीमधूनच पगार काढायचा, त्यामुळे तो सरकारी शाळेपेक्षा कमी. त्यात टेक्सासच्या सरकारी शाळा दोन भाषांत शिकवणाऱ्याला वर भत्ताही देतात. ज्याच्याकडे राज्याचं लायसन्स आहे तो इकडे कशाला येईल?

मायामीची गोष्ट वेगळी, कारण तिथे अख्खी शाळाच स्थलांतरित झाली. क्यूबातल्या हवानाचं बेलेन हे जेझुइटांचं (येशूसंघी धर्मगुरूंचं) विद्यालय 1854 सालचं, खुद्द फिडेल कॅस्ट्रो तिथला विद्यार्थी. त्याच्याच सरकारने 1961 मध्ये खाजगी शाळा ताब्यात घेतल्या आणि जेझुइटांनी त्याच वर्षी मायामीत पुन्हा वर्ग सुरू केले. ती शाळा आजही चालू आहे. पण क्यूबातून आलेल्यांना कागदपत्रांच्या बाबतीत अमेरिकेने जी मोकळीक दिली, ती मेक्सिकोच्या वाट्याला कधी आली नाही.

कागदपत्रांवर जरा थांबते, कारण खरी गाठ तिथे आहे. मेक्सिकन व्यावसायिकांसाठी अमेरिका-मेक्सिको-कॅनडा व्यापार कराराखाली टीएन नावाची व्हिसाची सोय आहे. तिच्या यादीत शिक्षक आहेत, पण कॉलेज, विद्यापीठ आणि सेमिनरीतले (जिथे धर्मगुरू घडवतात); शाळामास्तर नाहीत. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाला विद्यापीठांना कोट्यातून सूट मिळते, साध्या शाळेला सहसा नाही. शाळेने आयटी कंपन्यांबरोबर लॉटरीत उभं राहायचं. त्यात सप्टेंबर 2025 पासून देशाबाहेरून आणायच्या नव्या माणसामागे 1 लाख डॉलर भरायचा हुकूम निघाला. धर्मग्रामाच्या शाळेने तो विषयच सोडावा. धर्मसेवकांचा आर-वन व्हिसा सिस्टर-फादरना चालतो, गणिताच्या बाईंना तो मिळणं कठीण. राहिला जे-वन, म्हणजे देवाणघेवाणीचा तात्पुरता व्हिसा: दोन वर्षांचा अनुभव लागतो, तीन वर्षं मिळतात, फार तर आणखी दोन. मग परत. व्हेनेझुएलाचे बरेच जण मायदेशातल्या संकटामुळे अमेरिकेने दिलेल्या तात्पुरत्या संरक्षणावर काम करत होते. तेही 2025 मध्ये काढून घेतलं. परवाना संपला की शाळेची कितीही इच्छा असो, तिला माणूस ठेवता येत नाही.

एवढं सगळं पार करून जी पोचते, तिला काय देतात? स्पॅनिशचा तास! हे मला सगळ्यात खटकतं. आपल्या मुंबईत 1922 साली फादर हेन्री हेरास स्पेनहून आले आणि झेवियर्समध्ये चक्क भारताचा इतिहास शिकवू लागले, 1926 मध्ये त्यांनी संशोधन संस्थाही उभी केली. इथे रसायनशास्त्राच्या बाई क्रियापदं चालवून घेतात. शिवाय पालकसभेत दुभाषी, फी थकली की फोन करणारी, ग्वादालुपे मातेच्या (मेक्सिकोच्या लाडक्या मरियामातेच्या) सणाला 12 डिसेंबरच्या पहाटे गाणी बसवणारी, सगळं तीच. याचा वेगळा पगार मी तरी कुणाला मिळालेला पाहिलेला नाही.

तुमच्या ओळखीत कोणी ही नोकरी धरणार असेल तर एक गोष्ट आधी माहीत असू द्या. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियातल्या दोन कॅथलिक शाळांच्या बाजूने 7 विरुद्ध 2 असा निकाल दिला. प्राथमिकच्या बाई बाकी विषयांबरोबर धर्मशिक्षणही देत असतील, तर नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचे कायदे त्यांना लागू होत नाहीत. ती प्रकरणं वय आणि आजारपण यांची होती. तेव्हा करारपत्र घरी नेऊन सावकाश वाचायचं, प्रिन्सिपल कितीही प्रेमळ असोत.

त्यातल्या त्यात चांगली जागा म्हणजे दोन भाषांत चालणाऱ्या कॅथलिक शाळा. बॉस्टन कॉलेज अशा शाळांचं एक जाळं चालवतं. तिथे विज्ञान, गणितही स्पॅनिशमधून शिकवतात, त्यामुळे बोगोटाच्या शिक्षिकेला तिचा स्वतःचा विषय मिळू शकतो. बहुतेक राज्यांत खाजगी शाळेला राज्याचं लायसन्स सक्तीचं नाही, धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या हाताखालचा विभाग, आपले नियम ठरवतो. म्हणून परदेशी पदवीचं मूल्यांकन आधी करून घ्यावं आणि मदतनीस म्हणून लागतानाच विचारावं की पुढे वर्ग द्यायचा विचार आहे का, आणि कधी. तोंडी उत्तर मिळालं तर ते ईमेलवर लिहून मागावं.