समोरच्याच्या औषधाला नावं ठेवू नका

तुमचा प्रश्न असा: द्राक्षाच्या औषधांच्या कंपनीत नवीन लागलोय, तासगाव-पलूस भाग मिळालाय. साहेब म्हणतात, बागेत गेल्यावर आधी समोरच्या कंपनीचे दोष सांगायचे, मग आपली बाटली काढायची. आणि दुकानात त्या कंपनीचा माणूस भेटला तर बोलावं की टाळावं?

मी या पट्ट्यात २२ वर्षं फिरतोय. तीन कंपन्या झाल्या. तुमच्या साहेबांचा सल्ला मीही सुरुवातीला पाळला आणि त्यात तोंडावर पडलो. ते आधी सांगतो.

मे महिना होता. खरड छाटणी (काढणीनंतरची, उन्हाळ्यातली छाटणी) होऊन महिनाभर झालेला, नवी फूट जोरात. सावळजकडच्या एका बागेत तिचे मालक आण्णा यांनी हाताला धरून नेलं. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी. फवारणीची वही बघितली तर तीन दिवसांपूर्वी दुसऱ्या कंपनीचं कीटकनाशक मारलेलं. मी लगेच बोललो, "हा त्याचाच दणका आहे." वही पुढे वाचलीच नाही. दुसऱ्या दिवशीच्या ओळीत माझंच गंधक होतं आणि वेळ लिहिली होती दुपारी बारा.

चार दिवसांनी मी तिथे असतानाच त्या कंपनीचा माणूस आला. आण्णांनी त्याला चांगलंच सुनावलं. त्याने वही मागितली, मग बागेत शिरला. मांडवावरची, उन्हात असलेली पानं तेवढी करपली होती. आत सावलीतली पानं हिरवीगार. त्याने दोन्ही पानं तोडून तळहातावर शेजारी शेजारी ठेवली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि आण्णांना म्हणाला, "औषधं दोन्ही चांगली आहेत, आण्णा. एवढ्या उन्हात गंधक नको. उन्हं उतरल्यावर ब्लोअर (फवारणीचं यंत्र) काढा." बाहेर गाडीपाशी मला म्हणाला, "गंधक तुमचं आहे हे मी बोललो नाही. तुम्हीच सांगा." पारा ३२-३५ अंशांच्या पुढे असताना गंधक मारलं की पानं भाजतात, हे मला पाठ होतं. बाटली देताना वेळेचं सांगायचं मात्र राहिलं होतं.

मी तसाच परत जाऊन आण्णांना सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, चहा पाजला. पुढचे दोन हंगाम मात्र माझ्याकडून काही घेतलं नाही. तिसऱ्या वर्षी स्वतःच फोन केला.

बागायतदाराने ती बाटली स्वतःच्या डोक्याने निवडलेली असते. तिला तुम्ही वाईट म्हणालात की त्याला वाटतं, हा मलाच अडाणी ठरवतोय. आणि तुमचं बोलणं संध्याकाळपर्यंत कृषी सेवा केंद्रात पोहोचतं. तो दुकानदार दोघांचाही माल विकतो. शिवाय पट्टा लहान आहे. ज्याने मला त्या दिवशी वाचवलं, तो पुढे दुसऱ्या कंपनीत मॅनेजर झाला आणि मी त्याच्याच हाताखाली काम केलं.

आणखी एक गोष्ट नव्या पोरांच्या लक्षात येत नाही. २०१० च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या, आपल्याकडे ज्याला सीसीसी म्हणतात त्या औषधाचे अवशेष सापडले आणि कंटेनर अडकले. तिथल्या खरेदीदाराने हे औषध कुणी विकलं, ते विचारलं नाही. त्याच्या लेखी सगळीच भारतीय द्राक्षं संशयित. म्हणून समोरच्याने काढणीच्या तोंडावर चुकीचं औषध दिलेलं दिसलं तर मनात खूश होऊ नका. त्याला फोन करा. काढणीपूर्व कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस, किती ते त्याच्याच लेबलवरून दाखवा. तेवढ्याने बऱ्याचदा काम होतं.

दुकानातलं साधं आहे. तो आधी बसलेला असेल तर बाहेर थांबा, त्याचं बोलणं होऊ द्या. रॅकवरच्या त्याच्या बाटल्या मागे ढकलू नका, त्याच्या पोस्टरवर आपलं चिकटवू नका. नमस्कार करा, चहा घ्या, भुरी कुठे दिसतेय, डावणी कुठे वाढतेय, या रोगांचं बोला. ही माहिती दोघांच्याही कामाची असते.

भावाचं मात्र एक अक्षर बोलायचं नाही. "तुम्हीही स्कीम बंद करा, आम्हीही करतो" असं कुणी म्हणालं तर उठून या. स्पर्धकांनी संगनमत करून भाव ठरवणं स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ खाली बेकायदेशीर आहे, दंड कंपनीला बसतो आणि जबाबदार माणसालाही बसू शकतो. गोडीगुलाबी आणि साटंलोटं यातला फरक इथे आहे.

आणि माल खोटाच असेल तर? लेबल नसलेली बाटली, बिल नाही, गावात परस्पर वाटप. तिथे गप्प बसणं म्हणजे सभ्यपणा नव्हे. पण चावडीवर बोलू नका. कृषी विभागाच्या गुणनियंत्रण निरीक्षकाकडे लेखी द्या. कीटकनाशक कायदा, १९६८ खाली नमुना काढून तपासायचा अधिकार त्याला आहे, तुम्हाला नाही.

आता साहेबांचं. त्यांच्याशी वाद घालू नका, निकाल दाखवा. येत्या ऑक्टोबर छाटणीला एक प्लॉट घ्या. चार ओळी आपल्या औषधाच्या, चार समोरच्याच्या, मध्ये एक ओळ मोकळी. समोरच्याचं औषध त्याच्या लेबलवरच्या मात्रेतच मारा आणि त्याच्या माणसालाही बघायला बोलवा. कमी मात्रा देऊन त्याला पाडणारे मी बघितलेत. बागायतदार डबा मोजतो, त्याला कळतं. दर आठवड्याला त्याच वेलींचे फोटो काढा, तारीख टाकून. आपलं औषध चांगलं असेल तर ते फोटोत दिसेल.

सावळजकडे येणार असाल तर मला निरोप द्या. आण्णा अजून बाग करतात आणि असा प्लॉट द्यायला तयार असतात.